स्विच दाबला तरी कधी लागतो, कधी लागत नाही: अडॅप्टिव्ह कंट्रोलरचा नेहमीचा बिघाड

ज्यांना नेहमीचा गेम कंट्रोलर हातात धरता येत नाही, त्यांच्यासाठीची पांढरी पेटी म्हणजे एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर. तिच्या मागच्या कडेला ३.५ मिमीची १९ सॉकेट आहेत. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ या सॉकेटच्या बाहेर निघतं. कधी पिनेत, कधी तारेत, कधी स्विचच्या पोटात, तर कधी तो स्विच जिथे अडकवलाय त्या जागेत. पांढरी पेटी स्वतः फार क्वचित बिघडते. तरी घरचे आधी पेटीला दोष देतात, आणि त्याहून वाईट म्हणजे खेळणाऱ्याला. "हल्ली त्याच्या हातात जोरच राहिला नाही," हे मी मुलाच्या समोर बोललेलं ऐकलंय, आणि थोड्याच वेळात त्याच्या स्विचच्या तारेतला तुटलेला धागा माझ्या हातात आलाय. स्नायूंचा आजार असलेल्या मुलाला असं वाक्य किती लागत असेल, याचा विचार करा. हात थकतो, आजार वाढतो, हे खरंच आहे. पण तो निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा. आधी तार तपासायची.

हा कंट्रोलर २०१८च्या सप्टेंबरात आला. वरच्या बाजूला दोन मोठी काळी बटणं आणि एक डी-पॅड (चार दिशांचं बटण), डाव्या-उजव्या कडेला जॉयस्टिकसाठी एकेक यूएसबी सॉकेट, आणि मागे ती १९ सॉकेट. नेहमीच्या कंट्रोलरवरच्या प्रत्येक बटणाला इथे एक सॉकेट आहे: ए, बी, एक्स, वाय, चार दिशा, एलबी, आरबी, एलटी, आरटी (कडेची डावी-उजवी बटणं) वगैरे. त्यात बाहेरचा स्विच लावायचा. तो हाताने, कोपराने, हनुवटीने, गुडघ्याने, डोक्याने, कशानेही दाबता येतो. स्विच दाबला की दोन तारा एकमेकींना टेकतात आणि पेटीला वाटतं, ए दाबलं. यापलीकडे त्यात काहीही नाही. म्हणूनच हा बिघाड घरी शोधता येतो. सोनीचा अ‍ॅक्सेस कंट्रोलर २०२३च्या डिसेंबरात आला, त्यालाही अशी चार सॉकेट आहेत. खालच्या बहुतेक तपासण्या त्यालाही लागू पडतात.

लक्षणं

खेळणाऱ्याला विचारा आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. साधारण असे प्रकार ऐकायला मिळतात.

स्विच दाबला तरी गेममध्ये काहीच होत नाही. किंवा चार वेळा दाबला की एकदा लागतो. किंवा एकदा दाबला की दोनदा लागतो: क्रिकेटच्या गेममध्ये शॉट मारायच्या आधीच बॅट फिरून जाते. किंवा स्विचला कुणी हातही लावलेला नसताना बटण दाबलेलंच राहतं, गाडी आपोआप ब्रेक मारत राहते. किंवा सकाळी सगळं ठीक असतं आणि संध्याकाळी बिघडतं. किंवा व्हीलचेअर मागे कलवली की बंद पडतं, सरळ केली की चालू होतं. काहींच्या बाबतीत स्विच लागतो, पण भलतंच बटण लागल्यासारखं होतं.

यातली शेवटची तीन लक्षणं फार बोलकी आहेत. खुर्ची कलवल्यावर बंद पडतं म्हणजे तार ओढली जातेय किंवा स्विच हातापासून दूर जातोय. भलतंच बटण लागतं म्हणजे बिघाड तारेत नाही, प्रोफाइलमध्ये (बटणांच्या ठरवून ठेवलेल्या मांडणीत) आहे, नाहीतर पिन चुकीच्या सॉकेटमध्ये आहे. संध्याकाळी बिघडतं याची कारणं दोन असू शकतात आणि त्यातलं एकच हाताशी संबंधित आहे: हात थकतो, हे एक, आणि स्विच धरून ठेवणारा क्लॅम्प दिवसभरात हळूहळू खाली घसरलेला असतो, हे दुसरं.

पहिली तपासणी: पिन पूर्ण आत आहे का

फुकटात होते आणि सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. ३.५ मिमीची पिन सॉकेटमध्ये दोन टप्प्यांत बसते. पहिल्या टप्प्यावर ती बसल्यासारखी वाटते, ओढली तर सहज निघतही नाही, पण टोक आतल्या पत्तीला जेमतेम टेकलेलं असतं. आणखी थोडं दाबलं की बारीकसा 'टक्' असा हिसका बोटांना जाणवतो. तो जाणवलाच पाहिजे. जाड कव्हरच्या पिना शेजारी-शेजारी लावल्या की एकमेकींना रेटतात आणि एखादी अर्धवट बाहेर राहते. अशा वेळी पातळ कव्हरची पिन वापरावी.

पिन आत असतानाच चार-पाच वेळा गोल फिरवा. कोकणात, मुंबईत, एकूणच पावसाळ्यात पिनेवर काळपट थर धरतो, तो फिरवल्याने घासला जातो. फिरवल्यावर स्विच लागायला लागला तर पिन बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने, सुती कापडाने पुसून घ्या. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन पिनेवर चिकटून राहतं. सॉकेटमध्ये काहीही ओतायचं किंवा फवारायचं नाही. तेलकट स्प्रे तर अजिबात नाही.

दुसरी: योग्य सॉकेट, योग्य प्रोफाइल

मागची सॉकेट वाकून बघताना डावं-उजवं उलट होतं. पेटीवर प्रत्येक सॉकेटच्या रेषेत वरच्या पृष्ठभागावर खूण आहे, ती बघून लावा. मागून मोजत बसू नका.

मग प्रोफाइल. पेटीवरच्या प्रोफाइल बटणाने बटणांची मांडणी बदलते आणि कोणतं प्रोफाइल चालू आहे ते तिथले दिवे सांगतात. स्वेटरच्या बाहीचा किंवा पुसायच्या फडक्याचा धक्का लागून प्रोफाइल बदललं की घरात कुणालाच कळत नाही. चालू प्रोफाइलचा दिवा कोणता, ते एका चिठ्ठीवर लिहून पेटीच्या खालच्या बाजूला चिकटवा. एक्सबॉक्स अ‍ॅक्सेसरीज अ‍ॅपमध्ये एखाद्या सॉकेटला 'शिफ्ट'चं काम दिलेलं असेल तर तो स्विच दाबलेला असेपर्यंत बाकीची बटणं वेगळी वागतात. म्हणजे शिफ्टचा स्विच अडकला की सगळीच बटणं बिघडल्यासारखी वाटतात. असं असेल तर शिफ्टची पिन काढून बघा, तेवढ्यात उलगडा होतो.

तिसरी: वीज आणि जोडणी

कंट्रोलर यूएसबी-सी केबलने थेट कन्सोलला किंवा कॉम्प्युटरला जोडा. म्हणजे बॅटरी आणि बिनतारी जोडणी हे दोन्ही संशयित एकदमच बाद होतात. केबल मात्र डेटाची हवी. मोबाइल चार्जरबरोबरच्या काही केबलींमधून फक्त चार्जिंग होतं. पेटी चार्ज होते, पण कॉम्प्युटरला दिसत नाही. केबल लावल्यावर सगळे स्विच नीट चालले तर बिघाड स्विचमध्ये नाहीच, पुढचं वाचायची गरज नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करा, पेटी पुन्हा पेअर करा.

काही स्विचना स्वतःची बॅटरी असते. नुसता हात जवळ नेला की लागणारे सेन्सरचे स्विच या प्रकारचे. ती बॅटरी आधी बदला.

चौथी: अदलाबदल

पूर्ण तपासणीत माझा सगळ्यात जास्त विश्वास हिच्यावर आहे, कारण हिला कोणतंही अवजार लागत नाही आणि ही खोटं उत्तर देत नाही. अट एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन पिना, गेम आणि प्रोफाइल एकदम बदलून "आता चालतंय" म्हणालात, तर काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही आणि दोन दिवसांनी तेच पुन्हा होईल.

समजा ए सॉकेटमधला स्विच दगा देतोय आणि बीमधला व्यवस्थित चालतोय. दोन्हींच्या पिना आपसांत बदला. आता बी दगा द्यायला लागलं, तर बिघाड पिनेबरोबर गेला: स्विच, तार किंवा पिन यांतच काहीतरी आहे. ए अजूनही दगा देतंय, म्हणजे चांगला स्विच लावूनही देतंय, तर सॉकेट किंवा प्रोफाइल. आणि दोन्ही नीट चालायला लागले तर पिन आधी पूर्ण बसलेली नव्हती किंवा तिच्यावर थर होता.

पेटीवरची दोन मोठी बटणं मुळात ए आणि बीच असतात, तेव्हा आणखी एक ताळा करता येतो. मोठं ए बटण दाबून गेममध्ये काम होतंय आणि ए सॉकेटमधल्या स्विचने होत नाही, तर गेम निर्दोष. दोन्हींनी होत नाही तर गेमच्या सेटिंगमध्ये जा. बऱ्याच गेममध्ये 'दाबून धरा' आणि 'एकदा दाबा' असे पर्याय असतात. 'दाबून धरा' चालू असताना ज्याला स्विच धरून ठेवता येत नाही त्याला तो लागतच नाही असं वाटणार.

कुणी दुसरा कंट्रोलर हातात घेऊन मदतीला बसत असेल, म्हणजे 'कंट्रोलर असिस्ट' (पूर्वीचं नाव कोपायलट) चालू असेल, तर तपासणीपुरतं ते बंद करा. दोन्ही कंट्रोलर मिळून एकच समजले जातात. सोफ्यावर उशीखाली दाबला गेलेला दुसरा कंट्रोलर 'बटण आपोआप दाबलं जातंय' या लक्षणाचं अगदी खरं कारण असतो.

पाचवी: कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघा

विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर गेम न उघडता प्रत्येक स्विच तपासता येतो. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत 'जॉय डॉट सीपीएल' इंग्रजीत टाइप करा (डॉटच्या जागी नुसतं टिंब, मध्ये जागा नाही), एंटर करा. यादीतला कंट्रोलर निवडून प्रॉपर्टीज उघडा. आकडे लिहिलेले गोल दिसतील. स्विच दाबला की त्याचा गोल लाल होतो: ए म्हणजे १, बी २, एक्स ३, वाय ४, एलबी ५, आरबी ६.

इथे एक गोष्ट माहीत नसली तर चांगला स्विच वाईट ठरतो. एलटी आणि आरटी यांना लाल गोल नाही, ते झेड अक्षाच्या पट्टीवर दिसतात. चार दिशांनाही गोल नाही, त्या वेगळ्या दिशादर्शकावर दिसतात. एक्सबॉक्सचं मधलं बटण इथे दिसतच नाही.

आता खेळणाऱ्याला सांगा, नेहमीसारखं दाब. तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्याच्या हाताकडे बघा, आणि पडद्याकडे दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या. स्विच पूर्ण खाली गेला, 'टक्' आवाज आला आणि गोल लाल झाला नाही, तर बिघाड विजेचा आहे. आवाजच आला नाही, तर हात स्विचपर्यंत नीट पोचत नाहीये, आणि तो जागेचा प्रश्न आहे. एका दाबात गोल दोनदा लुकलुकला, तर स्विचच्या आतला संपर्क झिजलाय किंवा हाताला कंप आहे. हे ओळखायला तुम्ही स्वतः तोच स्विच सावकाश दाबून बघा. तुमच्या हातालाही दोनदा लुकलुकला तर दोष स्विचचा. कंपामुळे होत असेल तर जरा कडक स्विच द्यावा, किंवा हाताला टेकण मिळेल अशी मांडणी करावी.

सहावी: जागा आणि माउंट

इथे घाई करू नका. ज्याची बोटं एक-दोन सेंटिमीटरच हलतात, त्याच्यासाठी स्विच अर्धा सेंटिमीटर सरकणं म्हणजे स्विच नसणंच.

चिंचवडला एका मुलाचं असंच झालं होतं. ड्युशेन हा स्नायू कमजोर होत जाण्याचा आजार आहे त्याला. डाव्या अंगठ्याने तो एलटी दाबतो, म्हणजे गाडीचा ब्रेक. दोन आठवडे ब्रेक लागत नव्हता आणि घरात नवा स्विच मागवायचं ठरत होतं. स्विच, तार, पिन सगळं ठणठणीत होतं. खुर्चीची गादी नवी आली होती. नवी गादी जुनीपेक्षा जाड, त्यामुळे तो थोडा उंच बसत होता आणि हाताखालचा ट्रे मात्र होता तिथेच. अंगठा स्विचच्या मधोमध न पडता कडेवर पडत होता. मोठ्या गोल स्विचला मध्यावर दाबलं तर हलका लागतो, कडेवर दाबलं तर काहींना जास्त जोर लागतो. ट्रे एक खाच वर घेतला आणि झालं. त्या मुलाने लगेच तीन लॅप मारल्या आणि आईला म्हणाला, "बघ, मी दाबतच होतो."

म्हणून हे विचारा: अलीकडे गादी, आर्मरेस्ट, स्प्लिंट, बूट, यांतलं काही बदललं का? मुलाची उंची वाढली का? थंडीत जाड बाही आली का? हिवाळ्यातल्या सकाळी हात गार आणि ताठ असतात. कोमट पाण्याच्या पिशवीने दहा मिनिटं शेकल्यावर फरक पडतो का, तेही बघा (पिशवी कपड्यात गुंडाळून, आणि संवेदना कमी असेल तर फारच जपून).

मग क्लॅम्प. गूजनेकचा लवचिक दांडा वजनाने हळूहळू वाकतो, बॉल-जॉइंट सैल होतो. ज्या दिवशी सगळं नीट चालतंय त्या दिवशी प्रत्येक सांध्यावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारा, अर्धी स्थिर भागावर आणि अर्धी फिरणाऱ्या भागावर. रेघ तुटलेली दिसली की सांधा सरकला. शिवाय बाजूने आणि वरून असे दोन फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बाबा गावाला गेले आणि मांडणी आजोबांवर आली, तर हे फोटो लागतात.

खुर्ची पूर्ण मागे कलवून, पूर्ण पुढे आणून तार कुठे ताणली जाते ते बघा. तार चाकाजवळून किंवा कलवायच्या यंत्रणेतून गेलेली नको. पिनेच्या आधी वीतभर अंतरावर तार वेल्क्रोने टेबलाला किंवा दांड्याला बांधा, म्हणजे ओढ पिनेवर न येता बांधलेल्या जागेवर येईल. एवढ्याने तारेचं आयुष्य किती वाढतं ते मी बघितलंय.

सातवी: मल्टिमीटर

इथून पुढे थोडा खर्च आणि थोडं कसब. साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो बीपच्या खुणेवर ठेवा. स्विचची पिन पेटीतून काढलेली असावी.

पिनेचं टोक आणि तिचा मुळाकडचा धातूचा भाग, या दोन जागी मीटरची दोन टोकं लावा. स्विच न दाबता बीप यायला नको. दाबल्यावर सलग बीप यायला हवा. न दाबताच बीप येतो म्हणजे आत तारा चिकटल्यात किंवा स्विच उलट्या टोकाला जोडलाय. दाबूनही येत नाही म्हणजे कुठेतरी तुटलंय. तुटक-तुटक येतो म्हणजे सुटत आलंय.

आता स्विच दाबून ठेवा (वर एखादं पुस्तक ठेवलं तरी चालतं) आणि तार पिनेपासून स्विचपर्यंत बोटांनी थोडी-थोडी वाकवत जा. बीप जिथे तुटेल तिथे बिघाड. बहुतेक वेळा तो पिनेच्या मानेजवळ सापडतो, तार कव्हरमध्ये शिरते त्या पहिल्या दोन सेंटिमीटरमध्ये. त्या जागी तार बोटांना मऊ लागते, आतला कणा गेल्यासारखी, आणि वरचं रबर जरा पांढुरकं झालेलं असतं. एकदा हाताला कळलं की पुढच्या वेळी मीटर लावायच्या आधीच ती जागा सापडते.

आठवी: पिन आणि तार बदलणं

सोल्डरिंग येत असेल तरच. येत नसेल तर जवळच्या मोबाइल किंवा टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे सुटा स्विच घेऊन जा, दहा मिनिटांचं काम आहे. त्याला एवढंच सांगा: मोनो पिन, दोनच तारा, टोकाला एक आणि मुळाला एक.

सामान पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतं. माझा सल्ला असा की सुटी पिन घेऊन तिला सोल्डर करण्यापेक्षा दोन्ही बाजूंना पिन असलेली तयार केबल घ्यावी, एक पिन कापून टाकावी आणि ते टोक स्विचच्या आत जोडावं. साच्यात ओतलेल्या तयार पिनेची मान हाताने जोडलेल्या पिनेपेक्षा कितीतरी जास्त टिकते. तयार केबल स्टिरिओ (तीन तारांची) मिळाली तर टोकाची आणि मुळाची तार मीटरने ओळखून त्याच दोन वापरा. उरलेल्या मधल्या तारेचं उघडं टोक टेपने बंद करा.

जुन्या मोबाइल इअरफोनची तार मात्र वापरू नका. घरात पडलेली असते म्हणून सगळे तिथेच हात घालतात. एक तर माइक असलेल्या इअरफोनच्या पिनेला चार भाग असतात. त्यातली ग्राउंडची तार बहुधा मुळाशी नसून त्याच्या लगेच वरच्या कड्यावर असते, म्हणून चुकीची जोडी निवडली जाते. दुसरं म्हणजे त्या केसासारख्या रंगीत तारांवर लाखेचा लेप असतो आणि त्यात धागा गुंफलेला असतो. लेप जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. वरवर धरल्यासारखा दिसतो, आठवड्याने सुटतो.

जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा. नुसती काळी टेप उन्हाळ्यात सुटून चिकट होते.

नववी: स्विचच्या आत

वॉरंटी संपलेली असेल आणि स्विच साधा असेल, तरच उघडा. उघडायच्या आधी, उघडल्यावर आणि स्प्रिंग काढायच्या आधी, असे फोटो घ्या. आत बहुधा एक मायक्रोस्विच असतो. त्याला तीन पाय: कॉमन (सामाईक), एनओ (दाबल्यावर जोडला जाणारा) आणि एनसी (न दाबताच जोडलेला). तारा कॉमन आणि एनओला हव्यात. आधी कुणी दुरुस्त केलेल्या स्विचमध्ये त्या एनसीला लावलेल्या आढळल्या, तर बटण सतत दाबलेलं राहतं आणि दाबल्यावर सुटतं. हनुवटीने दाबायच्या स्विचमध्ये सुकलेली लाळ आणि खाण्याचे कण साचतात. ते अल्कोहोल लावलेल्या इअरबडने काढा, पूर्ण वाळू द्या. मायक्रोस्विच झिजलेला असेल तर तसाच, तेवढ्याच जोराने दाबला जाणारा नवा बसवा. जास्त कडक बसवलात तर मीटर खूश होईल आणि खेळणाऱ्याला मात्र तो दाबताच येणार नाही.

थ्रीडी प्रिंटर कुणाकडे असेल तर कॅनडातल्या मेकर्स मेकिंग चेंज या उपक्रमाने अशा स्विचचे आराखडे सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. एक जादा स्विच करून ठेवायला त्यांचा उपयोग होतो.

इथे थांबा

सॉकेटच सैल झालंय, चांगली पिनही त्यात डुगडुगते, असं अदलाबदलीत निघालं तर पेटी उघडू नका. आत लिथियम बॅटरी आहे आणि सॉकेट थेट मुख्य सर्किट बोर्डवर आहेत. तोपर्यंत अ‍ॅक्सेसरीज अ‍ॅपमध्ये जाऊन रिकाम्या असलेल्या दुसऱ्या एखाद्या सॉकेटला ते काम द्या, म्हणजे खेळ थांबणार नाही. वॉरंटी असेल तर विकत घेतलं तिथे, नसेल तर लिथियम बॅटरीचं काम येणाऱ्या माणसाकडे. पेटी फुगलीय, शिवण उघडलीय, चार्ज करताना जास्त तापतेय किंवा वास येतोय, तर चार्जिंग तिथेच बंद करा, पेटी अंथरुणापासून आणि माणसापासून लांब ठेवा. ती पुन्हा लावून बघायची नाही.

व्हीलचेअरच्या सांगाड्याला भोक पाडायचं नाही आणि तिच्या बॅटरीवरून कशालाही वीज घ्यायची नाही. ते काम खुर्चीच्या तंत्रज्ञाचं. व्हेंटिलेटरच्या नळीला, बायपॅपच्या (श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राच्या) स्टँडला स्विच किंवा तार बांधायची नाही. आणि बोलण्याच्या उपकरणाला किंवा मदतीच्या घंटीला लावलेला स्विच गेमसाठी काढून आणायचा नाही. पिन एकसारखीच असते म्हणून तो मोह होतो.

शरीराच्या बाबतीत थांबायच्या खुणा वेगळ्या आहेत. स्विच बाजूला केल्यावर अर्ध्या तासानेही कातडीवरची लाली जात नाही, मनगट किंवा मान दुखते, खेळल्यावर बोटं बधिर होतात, दम लागतो, तर मांडणी बदलायचा निर्णय घरी घेऊ नका. हे काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचं आहे. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, मोठ्या सरकारी रुग्णालयांतही हा विभाग असतो. जाताना स्विच आणि माउंट बरोबर न्या, नाहीतर निदान खेळताना काढलेला व्हिडिओ. नुसतं तोंडी वर्णन करून थेरपिस्टला कोन कळत नाही.

वरचं सगळं तपासलं, तार-पिन-जागा सगळं ठीक आहे, आणि पूर्वी सहज दाबता येणारा स्विच थोड्या दिवसांत अचानक दाबता येईनासा झालाय, तर पुढची भेट डॉक्टरांची. तेव्हाही हे आधी त्याच्याशीच बोला: स्विच तपासला, तो चांगला आहे, आता हाताचं काय ते विचारून येऊ. आणि तोवर हलका स्विच, किंवा तोच स्विच दुसऱ्या हाताला, कोपराला, पायाला लावून बघा. स्विच दुरुस्तीला दिला असेल तरी हेच करा. जादा स्विच एक तरी घरात असावा, आणि तो तपासलेला असावा.